मांडे, खापर आणि मांजरसुंब्याची चूल

कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा या राजाने इ. स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या पलीकडे, बिदर जिल्ह्यात. आमचा बीडचा मुलूख तेव्हा याच राज्यात होता. राजाने राज्य कसं मिळवावं, कसं राखावं इथपासून हत्ती, रत्नं, कुस्ती, संगीत इथपर्यंत सगळं या ग्रंथात आहे. राजाने उपभोगायच्या गोष्टींमध्ये 'अन्नभोग' नावाचं प्रकरण येतं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाचे तीन खंड संपादित केले, ते १९२५, १९३९ आणि १९६१ साली बाहेर आले. खाद्यसंस्कृतीवर लिहिणारे लोक यातल्या दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे इडली-डोशांचे पूर्वज, आणि दुसरी, राजाच्या ताटात येणारा शेतातला भाजलेला उंदीर. उंदराचं नाव काढलं की व्याख्यानात श्रोते जागे होतात, हा माझाही अनुभव आहे.

मला मात्र या प्रकरणातली मांड्यांची कृती बरीच वर्षं खुणावत होती. तिचा आशय असा: गहू धुऊन उन्हात वाळवावेत, जात्यावर बारीक दळावेत, चाळून कोंडा काढावा. त्या पिठात थोडं तूप आणि मीठ घालून दूध-पाण्यात भिजवावं. मोठ्या लाकडी पात्रात हातांनी आपटून आपटून मळावं. चिकण झालं की गोळे करावेत, तेलाचा हात आणि तांदळाची पिठी लावून ते हातांवरच फिरवत मोठे करावेत आणि तापलेल्या खापरावर टाकावेत. मांडा पांढऱ्या वस्त्रासारखा दिसला पाहिजे, त्याच्यावर काळा डाग पडता कामा नये, आणि मग त्याची चौकोनी घडी घालावी.

सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची ही कृती वाचताना खानदेशातल्या किंवा बेळगावातल्या वाचकाला काही नवल वाटणार नाही. खानदेशात उपड्या खापरावर पुरणाचे मांडे अजून होतात, बेळगावकडे पिठीसाखरेचे कुरकुरीत मांडे लग्नाच्या रुखवतात असतात. आमच्याकडे, बालाघाटाच्या डोंगरावर, मांडे राहिले ते म्हणीत. 'मनातले मांडे' सगळे खातात. माझ्या स्वयंपाकघराला ही कृती सर्वस्वी नवी होती, आणि म्हणूनच ती पुस्तकात लिहिल्याप्रमाणे इथेच करून पाहायची असं मी ठरवलं. मला चवीपेक्षा एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. कृती लिहिणारा माणूस काय काय गृहीत धरतो? वाचून ते कळत नाही. कृती करायला घेतली आणि ती अडली, की जिथे अडते तिथे ते गृहीत सापडतं.

ही कृती पहिल्या शब्दालाच अडली. गहू धुवावेत. दोन किलो गव्हाला तीन पाणी दिलं तेव्हा दीड बादली पाणी गेलं. बीडहून सोलापूरकडे निघालं की घाट चढून वर आल्यावर मांजरसुंबा लागतं. इथून एक रस्ता पाटोद्यावरून नगरकडे फुटतो, एक केज-अंबाजोगाईकडे जातो आणि एक चौसाळ्यावरून धाराशिवकडे. रस्ते इथे येऊन मिळतात, पाणी मात्र दोन्ही बाजूंनी उतरून जातं. पावसाळ्यात शेजारच्या कपिलधारला धबधबा कोसळतो, मन्मथस्वामींच्या समाधीला आलेले लोक त्याखाली भिजतात, आणि फाल्गुन सरता सरता आमच्या घरात टँकरचं पाणी मोजून वापरणं सुरू होतं. मी हा प्रयोग चैत्रात केला, कारण ऊन कडक हवं होतं. गव्हाच्या धुण्याचं पाणी भांडी विसळायला ठेवलं, तेच मग लिंबाच्या झाडाला गेलं. सोमेश्वराच्या श्लोकात पाणी कुठून आलं याचा उल्लेख नाही. असायचं कारणही नाही. राजवाड्यात पाणी आणणारा वेगळा असतो, मांडे करणारा वेगळा.

दुसरी अडचण लाकडी पात्राची येईल असं वाटलं होतं, पण ते घरातच होतं. ज्वारीचं पीठ मळायची काठवट. आजेसासूबाईंच्या वेळची, एका लाकडात कोरलेली, बुडाशी एक चीर पडलेली. आता आम्ही स्टीलच्या परातीत भाकरी करतो आणि काठवटीत कांदे ठेवतो. ती धुऊन घेतली, तीत गव्हाचं पीठ आपटायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आलं की परातीत हे जमलंच नसतं. परात सरकते. ओल्या लाकडाला पीठ किंचित धरतं, काठवट जड असल्यामुळे जागची हलत नाही, आणि दोन्ही पाय तिच्या कडेला लावून बसता येतं. अर्थात त्यासाठी जमिनीवर बसावं लागतं. माझ्या ओट्यावर काठवट मावतच नाही.

या ओट्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या लेखाचा तो एक पुरावाच आहे. आमचं स्वयंपाकघर म्हणजे घराला मागून जोडलेली आठ फूट बाय सहा फुटांची पत्र्याची खोली. ओटा बांधताना गवंड्याने उंची स्वतःच्या कमरेवर मोजली. गवंडी सहा फुटी होता. तेव्हापासून या घरातली प्रत्येक बाई खांदे उचलून पोळ्या लाटते. खिडकी पश्चिमेला आहे, डोंगरावरचा वारा थेट शेगडीवर येतो आणि ज्योत विझते. खिडकी लावली तर चैत्रातला पत्रा तापतो. दोन बर्नरांपैकी डावा कायम मंद जळतो. अशा खोलीत उभं राहून कुठलंही पाककृतीचं पुस्तक उघडलं की 'मध्यम आचेवर' हे दोन शब्द वाचून हसू येतं.

खापर मिळवायला मात्र नेकनूरच्या बाजारात दोन खेपा झाल्या. कुंभाराला आधी मागणीच कळेना.

"खापर म्हंजी रांजनाचं बूड का, ताई?"

"तसंच, पण उपडं घालून वर पोळी भाजायची. मांड्याचं."

"मांडे कोण करतंय आमच्याकडं? माठ न्या, कुंड्या न्या." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "बापाच्या हातानं व्हायचं तसलं. मला जाडी आठवंना. फुटलं तर बोल लावायचा नाही."

त्याने केलेलं पहिलं खापर गॅसवर दहाव्या मिनिटाला तडकलं. कारण साधं आहे. बर्नरची ज्योत मधोमध एका वर्तुळात लागते, खापराचा मध्य लाल होतो आणि कडा थंडच राहतात. मातीला असं असमान तापणं सोसत नाही. वर शेगडीच्या चार बोटांवर गोल बुडाचं भांडं डुगडुगतं ते वेगळंच. मांड्याची कृती गॅसच्या शेगडीवर नेमकी इथे संपते, पीठ कितीही उत्तम मळलेलं असलं तरी. खापर ही वस्तू चुलीशिवाय अपुरी आहे.

आणि खापर म्हटलं की मराठी माणसाला जी गोष्ट आठवते तीही नेमकी याच अडचणीची आहे. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले. काही ठिकाणी ही इच्छा मुक्ताबाईंची सांगतात. घरात खापर नव्हतं. मुक्ताबाई कुंभारवाड्यात गेल्या, तर विसोबा चाटी यांनी आधीच कुंभारांना बजावून ठेवलं होतं, संन्याशाच्या पोरांना भांडं द्यायचं नाही. रिकाम्या हाताने परतलेल्या बहिणीला पाहून ज्ञानेश्वरांनी योगबळाने जठराग्नी पेटवला आणि मुक्ताबाईंनी त्यांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. महिपतींच्या १७६२ सालच्या 'भक्तविजया'ने आणि त्यानंतर असंख्य कीर्तनकारांनी ही कथा घरोघरी पोचवली. चमत्कार म्हणून ती सांगितली जाते, विसोबांच्या पश्चात्तापाची आणि पुढे तेच नामदेवांचे गुरू झाल्याची कथा म्हणूनही.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी तिच्याकडे जरा वेगळं पाहते. तेराव्या शतकात आळंदीत काय घडलं याचा पुरावा म्हणून ही कथा वापरता येणार नाही. पण ही कथा ज्यांनी घडवली, सांगितली, ऐकली त्यांना बहिष्कार म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. बहिष्कार आधी भांड्यावर येतो. धान्य घरात असू शकतं, करणारीचं कौशल्य तर असतंच, पण कुंभाराने भांडं नाकारलं, पाणवठा बंद झाला, कुणी विस्तव दिला नाही की चूल थांबते. सोमेश्वराच्या कृतीत खापर एका शब्दात येतं आणि जातं. मुक्ताबाईंच्या कथेत खापर हाच विषय आहे. वस्तू मिळत असते तोवर तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. ती नाकारली गेली की गोष्ट होते. ज्ञानेश्वरांच्या घरावरचा बहिष्कार पुढे उठला असं कथा सांगते. ज्यांचा कधीच उठला नाही त्यांच्या चुलींपाशी मी पुढे येणार आहे.

त्याआधी छापील पुस्तकांकडे वळते, कारण मांड्याच्या कृतीला लावलेला प्रश्न त्यांनाही लावून पाहायला हवा. मराठीत छापील पाककृतींची परंपरा दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०चं, मुंबईच्या पाठारे प्रभू घरातलं, मासळी-मटणाने समृद्ध. मग १९३० साली किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक सुरू झालं आणि पाककृती हा मासिकांच्या संसाराचा भाग झाला. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते नव्या नवरीच्या सामानात जात राहिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने लिहिलेलं हे पुस्तक मराठीतल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांपैकी एक व्हावं, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. तिची नोंद समीक्षकांनी हवी तशी घेतलेली नाही, हे माझं मत.

'रुचिरा'चं खरं काम मापाचं आहे. आजीच्या 'अंदाजाने' या शब्दाच्या जागी तिने वाटी आणि चमचा आणला. सासर-माहेर दोन्हीपासून लांब, मुंबईच्या किंवा पुण्याच्या खोलीत एकटीने संसार मांडणाऱ्या मुलीला आजी जवळ नव्हती, वाटी होती. आमच्या घरातली प्रत सासूबाईंची. पिवळी पडलेली, हळदीचे डाग ठरावीक पानांवरच. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की पहिल्यांदा पुस्तक हाती आलं तेव्हा त्यांना 'वाटी' म्हणजे कुठली वाटी हेच कळेना. घरात माप म्हणून होतं चिपटं आणि मापटं, शेर आणि पायली. दशमान मापांचा कायदा १९५६चा, पण कायदा दुकानात आधी पोचतो, डब्यात उशिरा. त्यांनी अखेर देवापुढची नैवेद्याची वाटी प्रमाण मानली, आणि आमच्याकडे 'रुचिरा'तलं सगळं आजतागायत त्याच मापाने होतं. त्यामुळे आमची शंकरपाळी पुस्तकातल्यापेक्षा थोडी निराळी असणार. चांगली होतात, एवढं मात्र खरं.

पण वाटीने पदार्थ मोजता येतो, जाळ मोजता येत नाही. इथे सगळी पुस्तकं सारखीच गप्प आहेत. मंद आच, मध्यम आच, प्रखर आच हे शब्द पितळी स्टोव्हच्या किंवा गॅसच्या चावीचे आहेत. पऱ्हाटी आणि तुराटीच्या चुलीला चावी नसते. कापसाची पऱ्हाटी सावकाश जळते आणि निखारा धरते. तुरीची तुराटी भसकन पेटते, मोठी ज्योत देते आणि लगेच राख होते. गोवरी नुसती धुमसते, दूध तिच्यावर आटवावं. या तिन्हींचा मेळ घालून बाई जाळ चढवते-उतरवते. ही विद्या आहे, आणि ती ज्यांच्या हातात होती त्यांच्यापैकी बहुतेकींच्या हातात लेखणी नव्हती.

चुलीवर म्हणजे प्रत्यक्ष चुलीच्या रचनेवर लिहिलेलं एक पुस्तक मात्र आमच्या जुन्या राज्यातून आलं. १९५६पर्यंत बीड हैदराबाद राज्यात होतं. तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा अभ्यास केला आणि १९५३मध्ये तो इंग्रजीत पुस्तकरूपाने छापला. मातीचीच चूल, एकाच जाळावर ओळीने भांडी, आणि धूर बाहेर नेणारं धुराडं. त्याच्या थोडं आधी वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली होती. धरणं बांधायच्या काळात एका अभियंत्याने बाईच्या डोळ्यांतल्या धुराला संशोधनाचा विषय मानलं, याबद्दल राजूंचं नाव मराठवाड्यात घेतलं गेलं पाहिजे.

पुढे १९८३मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला. २००२मध्ये तो थांबेपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्याचं कागद सांगतात. आमच्या गल्लीतही काही बसल्या होत्या. त्यांचं काय झालं हे जुन्या बायकांना विचारलं तर उत्तर एकच येतं: भाकरी फुगत नव्हती. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळतात, थापून तव्यावर टाकतात, वरून पाणी फिरवतात, आणि उलटून झाल्यावर तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी लावतात. तिथे ती फुगते, पापुद्रा सुटतो. नव्या चुलीचं तोंड लहान होतं आणि निखारा आत खोल. धूर कमी झाला, पण भाकरी शेकायला जागा उरली नाही. मग कुणी तोंड फोडून मोठं केलं, कुणी धुराड्याचा पाइप काढून पन्हाळीला लावला. योजनेच्या दृष्टीने हे अज्ञान. मला वाटतं ती परीक्षणाची पद्धत होती, आणि चूल त्या परीक्षेत नापास झाली.

मी स्वतः चुलीवर भाकरी करू शकते, पण खापर तापवणं मला एकटीला जमणारं नव्हतं. म्हणून शेजारच्या मावशींना बोलावलं. पासष्टीच्या आसपास वय, सतरा-अठरा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. मी पुस्तक उघडून त्यांना कृती मराठीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरपन कुठलं घ्यायचं ते लिव्हलंय का?"

लिहिलेलं नव्हतं.

"मग हे लिवनाऱ्यानं कधी केलं न्हाई."

परसात तीन दगड मांडून, वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करून, दुसरं खापर उपडं घातलं. मावशींनी पऱ्हाटी बाजूला सारली आणि तुराट्या घेतल्या. खापराला आतून सगळीकडे एकदम ज्योत लागली पाहिजे, निखारा नको, हे त्यांना खापर न वापरताच कळलं होतं. आधी खापरावर पाण्याचा शिंतोडा मारून ताप बघितला. मी पुस्तकाबरहुकूम तेलाचा हात लावून गोळा दोन्ही हातांवर फिरवत वाढवला. पहिले तीन फाटले. चौथा माझ्या कोपरापर्यंत पोचला आणि खापरावर नीट पडला. अर्ध्या मिनिटात त्याला फोड आले, तो सुटला, आणि त्याच्यावर सात-आठ काळे ठिपके होते. पुढच्या सगळ्यांवर होते. चव विचाराल तर किंचित धुराची, दुधाची, आणि गरम असताना घडी घातली तर रुमालासारखी मऊ.

"पांढरा पायजे असंल तर जाळाला येगळं मानूस लागतंय," मावशी म्हणाल्या. "टाकणारी येगळी, जाळ बघणारी येगळी. मी उठले की जाळ वर येतोय."

नऊशे वर्षांपूर्वीच्या श्लोकाचा याहून नेमका अर्थ मी कुठल्या टीपेत वाचलेला नाही. काळा डाग नसलेला मांडा ही फक्त कौशल्याची खूण नाही. एका मांड्यामागे किमान दोन माणसं राबत होती, आणि जाळ बघणाऱ्याला दुसरं काम नव्हतं, याची ती खूण आहे. पांढरेपणा हा मनुष्यबळाचा पुरावा आहे. मग मुक्ताबाईंच्या कथेतही तेच दिसायला लागतं. तिथेही एक भाजणारी आहे आणि एक स्वतःच जाळ झालेला.

मावशी खापरावर इतक्या सहज वावरल्या त्याचं कारण त्यांनीच सांगितलं. कोपीवर कधी तवा फुटला, हरवला, की पत्र्याच्या डब्याचं झाकणही तवा होतं. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल कोयत्याच्या हिशेबाने मिळते. बाईने केलेला स्वयंपाक त्या हिशेबात नसतो. पहाटे तीन-चारला उठून, उसाच्या पाचटाच्या कोपीसमोर, उघड्यावर, तीन दगडांवर दिवसभराच्या भाकरी थापायच्या आणि उजाडायच्या आत फडात उभं राहायचं. सरपण म्हणून पाचट. पाचट तुराटीहूनही लवकर जळतं. एका हाताने ते सारत राहायचं आणि दुसऱ्या हाताने भाकरी. म्हणजे टाकणारी आणि जाळ बघणारी एकच.

ज्या साखरेने 'रुचिरा'पासून आजच्या दिवाळी अंकांतल्या पाककृतींपर्यंत सगळी पानं गोड झाली, ती साखर ज्या चुलींच्या जोरावर आली त्या चुलींचं हे वर्णन आहे. ते मला कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकात सापडलं नाही.

बाहेरून आलेली नवी कृती या चुलींवर लादली गेल्याचंही एक उदाहरण मराठवाड्याला चांगलं आठवतं. १९७२चा दुष्काळ. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मिलोच्या भाकरीची कृती कुणी छापून दिली नव्हती. मावशी तेव्हा लहान होत्या, पण आई चिडून पीठ काठवटीत आपटायची हे त्यांना आठवतं. भाकरी थापताना कडेने तुटायची, तव्यावरून उचलताना तुकडे व्हायचे. मग कुणी त्यात उडदाचं पीठ मिसळलं, कुणी भाकरीचा नाद सोडून कण्या शिजवल्या. घरोघर चाललेले हे प्रयोग होते, खायला दुसरं काही नसताना केलेले. मराठवाड्याच्या खाद्येतिहासात त्या वर्षी जितक्या नव्या कृती झाल्या तितक्या क्वचितच झाल्या असतील. पुढच्या पावसानंतर लोकांनी त्या विसरणंच पसंत केलं.

विसरायला नकार देणारं पुस्तक २०१५मध्ये आलं, शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. पाटोळे मूळचे उस्मानाबादकडचे, आताच्या धाराशिवचे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होतं, कशात शिजत होतं, तेल-तूप-दूध जवळपास नसताना चव कुठून येत होती, हे त्यांनी कृतींसकट लिहिलं. येसूर, चान्या, आणि प्रतिष्ठित ताटाने नाव घ्यायचं टाळलेले मांसाचे भाग यात आहेत. २०२४मध्ये भूषण कोरगावकरांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. या पुस्तकाच्या शीर्षकातला 'अ' पुष्कळांना बोचला. मला तो काटेकोर वाटतो. कारण इथे पहिल्यांदा मराठी पाककृती स्वतःच्या चुलीबद्दल बोलते: गावाने काय दिलं, काय दिलं नाही, कुठल्या वस्तूला हात लावायची मुभा नव्हती, कुठला वाटा कामाच्या बदल्यात आला. मुक्ताबाईंना एका दिवसापुरतं नाकारलेलं खापर या घरांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारलं गेलं होतं, आणि त्यांच्यासाठी कुणाची पाठ तापली नाही. चमत्काराविना जे जेवण निभावलं गेलं त्याच्या कृती पाटोळ्यांनी नोंदवल्या.

यावर एक आक्षेप घेतला जातो की पाककृतीच्या पुस्तकाने समाजशास्त्र कशाला सांगावं, पदार्थ सांगावा. पदार्थ सांगितलाच पाहिजे. पण इतिहासकाराने कृती वाचताना तिच्यात नसलेले घटकही मोजले पाहिजेत. ते मोजायला फार साधनं लागत नाहीत. माझ्या वहीत मांड्याच्या कृतीपुढे आता असं लिहिलं आहे: गहू दोन किलो, पाणी धुवायला दीड बादली, वाळवायला चैत्रातले दोन दिवस, तुराट्या तीन पेंढ्या, खापरं दोन (एक फुटेल), माणसं दोन, त्यांतल्या एकीने उठायचं नाही. मांडे झाले एकवीस. सोमेश्वराच्या मापाने पाहिलं तर एकही पास झाला नाही. घरातल्या आणि शेजारच्या पोरांनी दुपारपर्यंत एकही शिल्लक ठेवला नाही, त्यामुळे मावशींच्या सूनबाईंना चव मिळाली नाही आणि त्यांनी पुन्हा एकदा करायची मागणी लावून धरली आहे.

त्यासाठी थांबावं लागेल. सूनबाई आणि मुलगा यंदाही कोयत्यावर जाणार आहेत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमाराला मांजरसुंब्याच्या चौकातून ट्रक-ट्रॅक्टरांची रांग सुरू झालेली असेल. सामान दरवर्षी तेच असतं: ज्वारीचं पोतं, मिठाची पिशवी, तिखटाचा डबा, तवा, परात, पाण्याचा प्लॅस्टिकचा बॅरल आणि झोळीतलं लेकरू. काठवट जड म्हणून नेत नाहीत. चुलीचे तीन दगड फडाजवळ मिळतात.